अथेना नेमकी होती कुठे? ओडिसियसच्या वाटेवरचे देव, त्यांची मदत आणि त्यांचा मोडता

अर्धवट_अभ्यासू (धागाकर्ता)

गेले दोन महिने रोज रात्री झोपण्याआधी 'ओडिसी' पुन्हा वाचतोय, म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर ओडिसियस घरी, इथाका बेटावर, कसा परततो ते सांगणारं होमरचं ग्रीक महाकाव्य. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकातून भेटलेल्या ओडिसियसचा हिशेब सरळ होता. अथेना त्याच्या बाजूची, समुद्रदेव पोसायडन त्याच्या वाईटावर. एक देवी हात देते, एक देव पाय ओढतो, शेवटी देवीची सरशी होते. आता सलग वाचल्यावर माझं मत पार फिरलंय. मार खायची तयारी ठेवून लिहितो.

माझं म्हणणं असं की या प्रवासात मोडता घालणारा देव प्रामाणिक आहे आणि मदत करणारी देवी नाही.

ट्रॉयचं युद्ध १० वर्षं चाललं, परतीची वाट आणखी १०. त्यातली ७ वर्षं हा गडी कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर अडकलेला. दिवसभर किनाऱ्यावर बसून समुद्राकडे बघत रडतो. एवढ्या काळात अथेना कुठे होती? हे मी विचारत नाहीये, १३व्या सर्गात तो स्वतः तिला तोंडावर विचारतो. शेवटच्या टप्प्यावर आसरा देणाऱ्या फिएशियन लोकांच्या खलाशांनी त्याला झोपेतच इथाकाच्या वाळूवर आणून ठेवलंय. जाग येते तर सगळीकडे धुकं, स्वतःचं गावही ओळखू येईना. समोर एक मेंढपाळ पोरगा येतो. हा सवयीने थाप मारतो: मी क्रीटचा, खून करून पळालोय, वगैरे वगैरे. पोरगा गालात हसतो आणि त्याची अथेना होते. म्हणते, काय लबाड आहेस रे! आणि तेवढ्यात याच्या मनातलं बाहेर पडतं. ट्रॉयला होतो तोवर तू माझ्या पाठीशी होतीस, पण जहाजात बसलो तेव्हापासून तू काही मला दिसली नाहीस.

तिचं उत्तर ऐका. वडिलांच्या भावाशी भांडण नको होतं मला.

पोसायडन हा देवांच्या राजाचा, झ्यूसचा भाऊ, म्हणजे तिचा सख्खा काका. (महाराष्ट्रात काका म्हटलं की धागा भलतीकडे जातो, तेव्हा मंडळी, कृपया आवरा.) त्याच उत्तरात ती आणखी एक गोष्ट बोलून जाते. ती वाचून मी त्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं. तू परतशील याबद्दल मला कधीच शंका नव्हती, सगळे सोबती गमावून परतशील हे ठाऊकच होतं. ठाऊकच होतं!

आता ती प्रत्यक्ष मदत करते तेव्हा काय होतं ते बघा. देवांच्या सभेत ओडिसियसचा विषय ती काढते कधी, तर पोसायडन दूर इथिओपियन लोकांकडे मेजवानीला गेलेला असताना. साहेब रजेवर गेल्यावर फाईल पुढे सरकवणाऱ्या कारकुनासारखं. मग हा २० झाडं तोडून ४ दिवसांत तराफा बांधतो, १७ दिवस समुद्र कापतो, १८व्या दिवशी किनारा दिसू लागतो आणि नेमका पोसायडन परत येताना त्याला बघतो. वादळ उठतं. वाऱ्यांना आवरायला अथेना येते खरी, पण पोसायडन घोडे हाकत निघून गेल्यावर. तोवर तराफ्याच्या फळ्या झालेल्या असतात. मधल्या काळात धावून येते आयनो, एके काळची मर्त्य बाई, आता किरकोळ सागरदेवी. ती आपली ओढणी त्याला देते. किनाऱ्याला लागताना त्याला पोटात घेते एक नदी, जिचं नावसुद्धा याला माहीत नाही. नुसतं 'जो कोणी देव असशील तो' म्हणून हात जोडतो आणि नदी आपली धार थांबवते. मोठ्या देवीपेक्षा ही फुटकळ मंडळी वेळेला उभी राहिली.

पोसायडनचं सगळं उघड आहे. त्याच्या मुलाचा, पॉलिफीमस या एकडोळ्या राक्षसाचा (सायक्लॉप्सचा), डोळा ओडिसियसने फोडला. मुलाने बापाकडे दाद मागितली, तीही कलमवार. हा घरी पोचूच नये. पोचणं नशिबात असेलच तर उशिरा पोचावं, सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून, आणि घरीही त्रासच वाढून ठेवलेला असावा. बापाने कलम न् कलम पाळलं. असा शत्रू परवडतो, कारण त्याचं काय चाललंय ते कळतं तरी.

हाणा आता.

खडूस_काकू

अर्धवट आहात हे नावातच कबूल केलंत ते बरं झालं.

पहिली गोष्ट, ९ ते १२ हे सर्ग, म्हणजे सायक्लॉप्स, जादूगारीण सर्सी, गाऊन भुलवणाऱ्या सायरन हा सगळा मसाला, होमर सांगत नाहीये. ओडिसियस स्वतः फिएशियन राजाच्या दरबारात बसून सांगतोय. त्याला देव सहसा दिसत नाहीत, तो मर्त्य आहे. म्हणून तो बोलताना सहसा नावं घेत नाही, 'कुणा देवाने' एवढंच म्हणतो. कुणा देवाने मिट्ट काळोखात आमची जहाजं बेटाला सुखरूप लावली. कुणा देवाला दया आली आणि त्याने माझ्या वाटेत भलंमोठं सांबर पाठवलं. ओव्ह योर्गेन्सेन नावाच्या डॅनिश अभ्यासकाने १९०४ साली हे दाखवून दिलंय की कवी बोलतो तेव्हा देवाचं नाव येतं, पात्र बोलतं तेव्हा 'कुणीतरी देव' येतो. सूर्यदेव हेलिओस आणि झ्यूस यांचं वर देवलोकात झालेलं बोलणं ओडिसियसला कळलं कसं? तर कॅलिप्सोने सांगितलं, तिला देवांचा निरोप्या हर्मीस याने सांगितलं होतं. एवढा खुलासा तो मुद्दाम करतो. तेव्हा 'अथेना दिसली नाही' याचा अर्थ 'अथेना नव्हती' असा होत नाही. तुमची आई तुमच्या परीक्षेच्या वेळी वर्गात दिसली होती का?

दुसरी गोष्ट, काकाची. ग्रीक देवांमध्ये हा नियमच आहे. युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस' नाटकात (इ.स.पू. ४२८) आर्टेमिस देवी आपल्या लाडक्या भक्ताला मरताना बघते आणि स्वच्छ सांगते: एका देवाने काही मनात आणलं की दुसऱ्याने आड यायचं नाही, अशी आमची रीत आहे. झ्यूसचा धाक नसता तर मी हे होऊ दिलं नसतं. म्हणजे ती नुसती बाजूला उभी. अथेनेने निदान फट शोधली.

आणि साहेब रजेवर असताना फाईल सरकवणं यात कमीपणा कसला हो? ज्या घरात मोठ्या माणसापुढे बोलायची सोय नसते तिथे कामं कशी करून घ्यायची, हे मी ३० वर्षांच्या संसारानंतर सांगते. माणूस बाहेर पडला की!

५वा सर्गही तुम्ही घाईत वाचलाय. लाट त्याला खडकावर आपटायला निघते तेव्हा दोन्ही हातांनी खडक धरायची बुद्धी अथेना देते. परतीची लाट त्याला उचकटून काढते तेव्हा त्याच्या तळव्यांची साल खडकाला चिकटून राहते. होमर म्हणतो, बिळातून ओढून काढलेल्या ऑक्टोपसच्या चोषकांना खडे चिकटावेत तशी. तिथेच मरायचा तो. पुन्हा तिनेच भान दिलं, बाहेर पोहत जा आणि उताराचा किनारा शोध म्हणून. तेव्हा कुठे ती तुमची नदी सापडली.

तर्कट

एवढा काथ्याकूट कशाला? अथेना म्हणजे ओडिसियसची अक्कल आणि पोसायडन म्हणजे समुद्र. अक्कल सुचली की 'अथेनेने सुचवलं', बोट बुडाली की 'पोसायडन कोपला'. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड'च्या सुरुवातीला रागावलेला योद्धा अकिलीस तलवार उपसतो तेव्हा अथेना मागून येऊन त्याचे केस धरते, आणि ती बाकी कुणालाच दिसत नाही. म्हणजे काय? माणसाने राग आवरला. देव काढून टाका, गोष्टीत काहीही फरक पडत नाही.

मोळीवाला

@तर्कट, फरक पडतो. सर्सीकडे निघालेल्या ओडिसियसला हर्मीस वाटेत 'मोली' नावाची वनस्पती उपटून देतो (माझ्या नावाचा उगम तोच, सरपणाशी संबंध नाही). काळं मूळ, दुधासारखं पांढरं फूल, माणसाला खणून काढायला अवघड. अकलेला मूळ-फूल नसतं. ही वस्तू हातात दिलेली आहे. ती नसती तर याचंही डुक्कर झालं असतं, अक्कल शाबूत ठेवून, कारण सर्सीने केलेल्या डुकरांचं मन माणसाचंच राहिलेलं असतं.

देव की माणूस, एकच काहीतरी निवडा, हा हट्ट आपला आहे. होमरचा नाही. आल्बिन लेस्की या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९६१ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय: एकच कृती पूर्ण देवाची आणि पूर्ण माणसाचीही. २२व्या सर्गात, बायकोशी लग्नासाठी घरात ठाण मांडलेल्या मागणीदारांना ओडिसियस मारतो आणि सगळीकडे रक्ताचा सडा पडलेला असताना फेमियस नावाचा गायक ओडिसियसचे गुडघे धरून जीवदान मागतो. म्हणतो, मी स्वतःचा स्वतः शिकलोय, आणि देवाने माझ्या मनात नाना तऱ्हेची गाणी पेरली आहेत. दोन्ही एका दमात! मान कापली जायची वेळ आलीय, पण त्याला यात विसंगती वाटत नाही. आपले तुकोबा सगळं श्रेय विठ्ठलाला देऊन मोकळे होतात. फेमियस दोन्ही हातात ठेवतो.

खाडीतला_खलाशी

मी पंडित नाही. २२ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता रत्नागिरीत घरी. त्यामुळे एकाच प्रसंगावर बोलतो, वाऱ्याच्या पिशवीवर. माहीत नसणाऱ्यांसाठी: वाऱ्यांचा कारभारी इओलस सगळे उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत भरून, चांदीच्या दोरीने तोंड बांधून ओडिसियसला देतो. फक्त घरी नेणारा पश्चिमेचा वारा मोकळा. यापेक्षा मोठी दैवी मदत अख्ख्या काव्यात कुणी केलेली नाही.

नऊ दिवस, नऊ रात्री जहाजं चालली. दहाव्या दिवशी इथाका दिसलं, इतकं जवळ की किनाऱ्यावर आगट्या राखणारी माणसं दिसत होती. आणि तेव्हा ओडिसियसला झोप लागली. का लागली? कारण नऊ दिवस शिडाची दोरी त्याने एकट्याने धरली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीच नाही. तो हे अभिमानाने सांगतो. माझ्या अंगावर काटा येतो. आज समुद्रावर २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते, तसा आंतरराष्ट्रीय करारच आहे. तो कुणाच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. न झोपलेली माणसं जहाजं खडकावर घालतात म्हणून आलाय.

दुसरं, पिशवीत काय आहे ते त्याने एकाही माणसाला सांगितलं नाही. खलाशी काय समजले? सोनं-चांदी. दहा वर्षं आपणही लढलो, आपण रिकाम्या हाताने निघालो आणि याला जाईल तिथे भेटी. उघडली पिशवी.

मी एका जहाजावर दुय्यम अधिकारी असताना आमचे कप्तान असेच होते. कागद, हवामानाचा संदेश, सगळं स्वतःच्या खोलीत. आम्हाला वळण घ्यायच्या आधी दहा मिनिटं कळायचं. त्या फेरीत खालच्या लोकांत काय काय अफवा उठल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. बुडालो नाही एवढंच.

तर यात ना अथेना, ना पोसायडन. आमच्याकडे म्हण आहे, दैव देतं आणि कर्म नेतं. गंमत पुढे आहे. वाऱ्यांनी उलटं ढकलत परत इओलसच्या दारात आणून टाकल्यावर इओलस काय म्हणतो? चालता हो, देवांचा तुझ्यावर राग दिसतोय. झोप कमी, बोलणं कमी, आणि वर नाव देवाचं.

अवांतर: ज्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत पुढच्या काळातल्या लोकांनी काव्यातल्या सिला राक्षसीची आणि कॅरिब्डिस भोवऱ्याची जागा मानली, तिथून मी अनेकदा गेलोय. सर्वात अरुंद जागी जेमतेम ३ किलोमीटर. प्रवाह साधारण सहा तासांनी दिशा बदलतो आणि पाण्यात भोवरे खरंच दिसतात. मोठ्या जहाजाला काही होत नाही. पण वल्ह्याच्या होडीत बसून मी जाणार नाही, अथेना सोबत असली तरी.

तर्कट

@खाडीतला_खलाशी, दंडवत! म्हणजे माझंच म्हणणं खरं. देव काढा, गोष्ट चालते.

खाडीतला_खलाशी

नाही हो. पिशवी कुणी दिली?

बिनचेहऱ्याचे_सहाशे

इथे सगळे एका माणसाबद्दल बोलताय. ट्रॉयहून त्याच्यासोबत १२ जहाजं निघाली होती, एकेका जहाजावर पन्नासच्या आसपास माणसं. घरी पोचला एक. त्या बाकीच्यांना कुठल्या देवाने मदत केली?

काव्याच्या पहिल्या दहा ओळींतच कवी हात झटकतो: सोबती आपल्याच मूर्खपणाने मेले, सूर्याची गुरं खाल्ली म्हणून. थोड्याच ओळींनंतर झ्यूस तेच सूत्र पुढे नेतो. म्हणे माणसं उगाच आम्हाला दोष देतात, आपल्या करणीने वाट्याच्या बाहेरचं दुःख ओढवून घेतात. ॲगामेम्नॉन राजाचा खून करणाऱ्या एजिस्थसला आम्ही हर्मीसकडून आधी बजावलं होतं, ऐकलं नाही, मेला.

बरं, मग हिशेब करू. १२ पैकी ११ जहाजं लेस्ट्रिगोनियन राक्षसांच्या बंदरात गेली. वरून दरडीएवढे दगड टाकून जहाजं फोडली, माणसं माशांसारखी भाल्यावर टोचून खायला नेली. त्यांनी सूर्याची एकही गाय खाल्ली नव्हती. त्या बेटापर्यंत ती पोचलीच नाहीत! वाचलं फक्त ओडिसियसचं जहाज, कारण त्याने ते बंदराबाहेर बांधलं होतं. बाकीच्यांना बाहेर थांबा असं तो म्हणाल्याचं कुठेही नाही.

राहिलं एक जहाज. त्या शेवटच्या माणसांना बेटावर महिनाभर अडकवून कोण ठेवतं? दक्षिणेचा वारा थांबतच नाही. शिधा संपतो. गळ टाकून मासे धरतात, पक्षी मारतात, पोटं खपाटीला जातात. मग त्यांच्यातला युरिलोकस म्हणतो, मरण सगळंच वाईट, पण उपाशी मरण्याइतकं वाईट दुसरं नाही. आणि ओडिसियस तेव्हा काय करतोय? देवांना प्रार्थना करायला एकांतात गेलाय, आणि देव उत्तरादाखल त्याच्या पापण्यांवर झोप ओततात. हे त्याचेच शब्द. आधी वारा अडवायचा, मग राखणदाराला झोपवायचं, मग गाय कापली म्हणून वीज पाडायची. याला मोडता म्हणत नाहीत, याला सापळा म्हणतात.

धागाकर्त्याच्या 'ठाऊकच होतं'ला माझे +१०० त्यासाठी.

ऑलिंपियाहून_परत

एकट्या ओडिसियसवरून निकाल लावू नका. झ्यूसचा महाबली मुलगा हेरॅक्लीस, त्याच्याकडे बघा. त्याच्या नावाचा अर्थच 'हेराची कीर्ती' असा लावतात, आणि जन्मभर छळलं कुणी? झ्यूसच्या बायकोने, हेरानेच. पाळण्यात साप सोडण्यापासून सुरुवात. तिने त्याला वेड लावलं, त्यात त्याने स्वतःची पोरं मारली आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्या १२ कामगिऱ्या, अशी गोष्ट बहुतेक ठिकाणी येते. म्हणजे मोडता नसता तर पराक्रमही नसता.

या कामगिऱ्या ऑलिंपियाच्या झ्यूस-मंदिरावर (इ.स.पू. ५वं शतक) १२ शिल्पपट्टांत कोरलेल्या होत्या. त्यातला एक मी तिथल्या संग्रहालयात पाहिला आणि बराच वेळ तिथून हलले नाही. मध्ये हेरॅक्लीस, खांद्यांवर आकाश. ओझं रुतू नये म्हणून मानेवर घडी केलेली उशी. हमालाच्या डोक्यावर चुंबळ असते ना, तशी! समोरून एरवी आकाश पेलणारा ॲटलास सफरचंदं घेऊन येतोय. आणि मागे अथेना. तिने डावा हात वर करून आकाशाला लावलाय. नुसता लावलाय. चेहऱ्यावर ताण नाही, वस्त्राची चुणी हललेली नाही. एका हाताने जे तिला सहज पेलतं ते तिने सगळं घेतलेलं नाही. थोडंसंच घेतलंय. ओझं त्याचंच राहिलंय.

मला वाटतं ग्रीकांची दैवी मदत म्हणजे ती चुणी न हललेली बाई. धागाकर्ते ज्याला अप्रामाणिकपणा म्हणतात ते मुद्दाम हातचं राखणं आहे. सगळं तिने उचललं तर तो हमाल ठरेल, नाही तर बघ्या. हेरॅक्लीस नाही ठरणार.

उलट भरभरून मदत मिळालेला नायक बघायचा तर जेसन घ्या. हेरा त्याच्यावर खूश, नदी ओलांडताना म्हातारीच्या रूपातल्या तिला याने खांद्यावर घेतलं होतं म्हणून. पण तिचा खरा डाव पेलियास राजाचा सूड घेण्याचा. त्यासाठी तिला परदेशातल्या जादूगारीण राजकन्येला, मेडियाला, ग्रीसमध्ये आणायचं होतं, म्हणून प्रेमाचा बाण मारवला. ज्या सोनेरी लोकरीसाठी जेसन आर्गो जहाजातून गेला होता ती त्याला मिळाली ती मेडियाच्या औषधांवर आणि मंत्रांवर. शेवट काय? संसार धुळीला मिळालेला, आणि आर्गो जहाजाचंच कुजलेलं लाकूड डोक्यात पडून मेला.

खडूस_काकू

चुंबळीचं आवडलं. पण मोडत्याने पराक्रम घडतो हे वाक्य त्या पोरांच्या आईला ऐकवा. युरिपिडीसच्या नाटकात हेरा वेडाच्या देवीला हेरॅक्लीसवर सोडते, तर ती वेडाची देवीच आधी कुरकुरते: या माणसाने देवांचं भलं केलंय, हे करू नका. वेडाला कळतं ते काही वाचकांना कळत नाही.

अर्धवट_अभ्यासू (धागाकर्ता)

बरीच धुलाई झाली. योर्गेन्सेनचा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य. 'दिसली नाही' आणि 'नव्हती' यात मी गल्लत केली. खडक आणि ऑक्टोपसची जागा मी खरंच झोपेत वाचली असणार.

पण माघार पूर्ण घेत नाही. काकू, तुम्ही एक गोष्ट सोयीने वगळलीत. परतीच्या वाटेवर ग्रीकांवर पहिली कोपते ती अथेनाच. ट्रॉय पडल्यावर धाकटा एजॅक्स या ग्रीक योद्ध्याने ट्रॉयच्या राजकन्येला, कॅसांड्राला, अथेनेच्याच मूर्तीपासून ओढून नेलं, आणि बाकीच्यांनी त्याला शिक्षा केली नाही. तिच्या रागाने सेनेत फूट पडली हे ३ऱ्या सर्गात नेस्टर हा ग्रीकांचा म्हातारा राजा सांगतो. १ल्या सर्गात फेमियस (तोच, गुडघे धरणारा) ओडिसियसच्याच घरात बसून गातो ते गाणंही 'अथेनेने लादलेली कडू परतवाट' या विषयाचं. म्हणजे मोडता तिनेच सुरू केला, पोसायडनने तो पुढे चालवला, आणि मग ही तारायला आली. आधी आग लावायची आणि मग बंब घेऊन यायचं.

@ऑलिंपियाहून_परत, तुमच्या शिल्पाचा पुरावा माझ्या पुस्तकातही आहे, हे प्रांजळपणे सांगतो. १०८ मागणीदार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला चौघे: बाप, मुलगा, डुकरं राखणारा आणि गुरं राखणारा. अथेना ओडिसियसच्या जुन्या मित्राच्या, मेंटॉरच्या रूपात येते, ओडिसियसला चार शब्द सुनावते, आणि कवी म्हणतो की तिने अजून पुरता विजय दिला नाही, बापलेकांची परीक्षा बघायची होती. मग उडून छताच्या तुळईवर जाऊन बसते. कशी? पाकोळीसारखी! खाली माणसं मरताहेत आणि ही वर धुरकटलेल्या तुळईवर. मी हे वाचून चिडलो होतो. तुम्ही म्हणता तशी ही चुणी न हललेली बाई असेलही. माझ्या डोळ्यांपुढून ते पाखरू काही हलत नाही, इतकंच.

बिनचेहऱ्याचे_सहाशे

पाकोळी झाली, पण १२ जहाजांचा हिशेब कुणी दिला नाही. एल्पेनॉर आठवतोय? सगळ्यांत लहान पोरगा, सर्सीच्या छपरावर पिऊन झोपला, गडबडीत शिडी विसरला, खाली पडून मान मोडली. पाताळात तो ओडिसियसला भेटतो तेव्हा एकच मागणं मागतो: मला जाळ, ढिगारा रच, आणि मी सोबत्यांबरोबर ज्याने वल्हवत होतो ते वल्हं त्यावर उभं रोव. सहाशेंपैकी स्मारक मिळालेला हा एक.

खळ्यावरचा

पहिल्यांदाच लिहितोय, वाचनमात्र असतो. गाव जालना जिल्ह्यात.

वल्ह्याचा विषय निघाला म्हणून. पाताळात टायरेसियस हा मेलेला भविष्यवेत्ता ओडिसियसला पुढचं एक काम सांगतो, ते इथे कुणी आणलं नाही. घरी गेल्यावर, सगळं मिटल्यावर, वल्हं खांद्यावर घे आणि जमिनीच्या आत आत चालत राहा. जिथल्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही, जी जेवणात मीठ घालत नाहीत, तिथपर्यंत. वाटेत कुणीतरी भेटेल आणि विचारेल, खांद्यावर हे धान्य उफणायचं काय घेतलंय? तिथेच वल्हं जमिनीत रोव आणि पोसायडनला मेंढा, बैल आणि रानडुक्कर दे. मग तो शांत होईल.

२० वर्षांनी बायको भेटली त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकायच्या आधी ओडिसियस पेनेलपीला हे सांगतो. अथेनेने त्या रात्री पहाट अडवून धरलेली आहे त्या दोघांसाठी, आणि हा सांगतोय की मला पुन्हा जायचंय. तुम्ही सगळे अथेना की पोसायडन करताय, पण शेवटची समजूत ज्याची काढायची राहिलीय तो मोडता घालणाराच आहे. आणि ती काढायची कुठे, तर जिथे त्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही तिथे.

आमच्या खळ्यावर मळणीयंत्र येण्याआधी आजोबा तिपाईवर उभं राहून सुपाने ज्वारी उफणायचे. ग्रीकांचं अवजार लांब दांड्याचं, फावड्यासारखं, म्हणून त्याला वल्ह्याचा भास होतो. पण वाऱ्याची वाट बघणं तेच. आजोबा सूप डोक्याच्या वर धरून, मान तिरपी करून उभे राहायचे, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. वारा पडला की खाली उतरून बिडी. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, ९१व्या वर्षी गेले. मीठ खायचे, तेवढा एक फरक.

कुणी वल्हं घेऊन खळ्यावर आला असता तर त्यांनी नक्की काय म्हटलं असतं याचा मी गेले दोन दिवस विचार करतोय.

खाडीतला_खलाशी

माझ्या माळ्यावर आमच्या आजोबांच्या होडीचं एक वल्हं पडून आहे. पात्याला थोडी वाळवी लागलीय, पण धड आहे. पाठवू का जालन्याला?

खळ्यावरचा

पाठवा की. पण कुरिअरवाल्याने विचारलं, काय आहे हे, तर तुम्ही काही सांगू नका. त्याला काय वाटतं ते मला कळवा.